धुऱ्यावरच्या गाण्याचा सातबारा

मागच्या वर्षी धानाचे रोवणे चालू असताना मी गावच्या बायांचा एक व्हिडिओ इंटरनेटवरच्या माझ्या चॅनेलवर टाकला. सव्वाचार मिनिटांचा. चौदा जणी ओळीनं वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिकची पन्नी, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या, आणि मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोबाईल ओला होऊ नये म्हणून पदराखाली धरून. पाऊस मध्येच वाढतो तेव्हा आवाज बुडतो, मग परत वर येतो. सगळ्यांत पुढे माझी मोठीमाय. ती एक ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात, आणि ओळ संपता संपता सगळ्या एक पाऊल मागे सरकतात. गाणं माहेरच्या वाटेचं आहे. भाऊ न्यायला येईल म्हणून बहीण धानाच्या बांधीतून मान वर करून पाहते, एवढंच.

तिसऱ्या दिवशी मी सेंटरवर एकाचा उत्पन्नाचा दाखला भरत होते, तेव्हा संदेश आला. तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेली धून सापडली आहे. दावा एका संगीत कंपनीचा होता. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. शोधलं तेव्हा कळलं की याच गाण्याला डीजेचा ठोका लावून त्यांनी ते स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं आहे. व्हिडिओ राहणार होता, पण त्यावर जाहिरात लागली तर पैसे त्यांना जाणार होते. माझ्या चॅनेलला तसाही एक रुपया मिळत नाही, त्यामुळे पैशाचं मला काही वाटलं नाही. खाली जी ओळ आली ती मात्र लागली. गाण्याच्या मालकाच्या जागी त्या कंपनीचं नाव होतं.

संध्याकाळी मोठीमायला दाखवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे आमी चोरीचा गाना म्हनलो का वो?"

त्या प्रश्नासाठी हे सगळं लिहिते आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यात, देसाईगंजपासून, म्हणजे आमच्या तोंडी वडशापासून, तासाभराच्या अंतरावर सेवा केंद्र चालवते. दिवसभर फॉर्मच भरते. पीक विमा, जातीचा दाखला, ई-केवायसी. फॉर्मची मला भीती नाही. हरकतीचा फॉर्म उघडला, तर त्यात कारणांची यादी होती: हे माझं स्वतःचं आहे, माझ्याकडे परवाना आहे, हे सार्वजनिक मालकीचं आहे. मी तिसरं निवडलं. खाली एका चौकटीत लिहिलं की हे पारंपरिक गाणं आहे, आमच्या भागात रोवण्याच्या वेळी म्हणतात, मोठीमायच्या सासूच्या तोंडीही हेच होतं. चौकट तिथेच भरली.

मला वाटलं होतं की आता कोणीतरी माणूस दोन्ही गाणी ऐकेल. तसं होत नाही. दावा लावला तो यंत्रानं. कंपन्या आपली रेकॉर्डिंगं त्या संकेतस्थळाकडे जमा करतात, यंत्र प्रत्येक नव्या व्हिडिओचा आवाज त्यांच्याशी ताडून पाहतं आणि जुळला की शिक्का मारतं. हरकत घेतली की ती जाते दावा करणाऱ्याकडेच, आणि पहिला निवाडा तोच देतो. त्यासाठी त्याला तीस दिवस. म्हणजे शेजाऱ्यानं माझ्या बांधीवर हक्क सांगायचा, आणि माझी हरकत तलाठ्यानं शेजाऱ्याच्याच हाती द्यायची. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं: दावा कायम.

पुढचा टप्पा अपिलाचा. अपील केलं तर समोरची कंपनी व्हिडिओ काढून टाकण्याची नोटीस देऊ शकते, आणि तसे तीन ठपके बसले की चॅनेलच बंद. माझ्या चॅनेलवर एकसष्ट व्हिडिओ आहेत. दंडार, म्हणजे आमच्याकडची नाचगाण्याची लोककला, आहे, महादेवाची गाणी आहेत, आता हयात नसलेल्या दोन म्हाताऱ्यांचे आवाज आहेत. नोटिशीला उत्तर द्यायचं तर त्यात एक वाक्य मान्य करावं लागतं: अमेरिकेतल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मला मंजूर आहे. कारण ही नोटिशीची आणि उत्तराची पद्धत मुळात तिथल्या १९९८ च्या कायद्यातून आलेली आहे. आमच्या गावातून गडचिरोलीच्या कोर्टात जायचं तरी दिवसाची मजुरी बुडते. ते वाक्य वाचून मी संगणक बंद करून घरी गेले.

मग महिनाभर मी कायदा वाचला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यात जे सापडलं त्यानं मला धीर आला. ज्या गाण्याचा कर्ता कोणालाच माहीत नाही, जे पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी आलं, त्याचा कॉपीराइट कोणाकडे नसतो. कंपनीचा हक्क तिच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगवर आहे, साठ वर्षं. तो मला मान्य आहे. त्यांनी स्टुडिओचं भाडं दिलं, वादकांना पैसे दिले. मी त्यांचं रेकॉर्डिंग वापरलं असतं तर दोष माझा होता. पण दोन आवाज एकाच आजीकडून आलेले असू शकतात, हे त्या यंत्राला ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं की जो आधी जमा झाला तो मालक.

आणखी एक कलम वाचलं, अडतिसावं. गाणाऱ्याला, नाचणाऱ्याला, आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क असतो, आणि २०१२ पासून आपलं नाव लावून घेण्याचाही. म्हणजे त्या सव्वाचार मिनिटांवर कोणाचा काही हक्क असेलच, तर तो चिखलात उभ्या असलेल्या त्या चौदा जणींचा. हे मी बायांना सांगितलं तेव्हा एकीनं लगेच विचारलं, "मंग तू टाकलास तवा आमाले इचारलास का?" विचारलं होतं, पण उभ्याउभ्या, हसत. नावं कोणाचीच लिहिली नव्हती. चूक माझी होती. त्याच दिवशी खाली चौदा नावं लिहिली, मोठीमायचं पहिलं.

आपल्या कायद्यात एक गोष्ट चांगली आहे. एखाद्या संकेतस्थळाला मालकानं लेखी तक्रार दिली तर मजकूर तात्पुरता बंद करायचा, पण एकवीस दिवसांत तक्रारदारानं न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत सुरू करता येतो. दाव्याचं ओझं दावा करणाऱ्यावर आहे. पण यंत्राच्या दाव्याला हा एकवीस दिवसांचा हिशेब लागू होताना मी पाहिला नाही. तिथला कारभार संकेतस्थळाच्या स्वतःच्या नियमांनी चालतो.

या सगळ्यावर माझं आणि माझ्या मावसभावाचं चांगलंच वाजलं. तो झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली, नाटकं लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. तिकीट लावून, मंडपात, रात्रभर. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं आहेत. दादा पावसाळाभर वहीत नाटक लिहितो, आणि त्या तीन-चार महिन्यांच्या कमाईवर त्याचं वर्ष जातं. मागच्या हंगामात तिसऱ्याच प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या कोणीतरी पूर्ण नाटक मोबाईलमध्ये घेतलं आणि तीन भागांत टाकून दिलं. पुढच्या गावचं मंडळ म्हणालं, आमच्या पोरांनी पाहिलं ना ते, दुसरं असेल तर सांगा.

दादानं तक्रार केली. दुसऱ्या दिवशी तिन्ही भाग उतरले.

"तू ज्याला शिव्या देतेस ना," तो मला म्हणाला, "त्याच व्यवस्थेनं माझा हंगाम वाचवला. ते म्हणे मोकळं पाहिजे, मोकळं पाहिजे! मोकळं ठेवलं तर माझ्या पोरांची फी कोण भरेल?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, आणि आजही पूर्ण नाही. दादा बरोबर आहे. इंटरनेट मोकळं असावं असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या वहीकडे पाहिलंच पाहिजे. पण वापरायचं हत्यार केवढं असावं, हाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरीच्या एका प्रकरणात न्यायालयाच्या आदेशावरून अडीच हजारांहून जास्त संकेतस्थळं देशात बंद झाली. त्या यादीत इंटरनेट अर्काइव्ह होतं, जिथे जुनी मराठी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. चोर कोण ते माहीत नसतं तेव्हा अशा आदेशांत प्रतिवादी म्हणून 'अशोक कुमार' असं नाव घालतात. चोराचं नाव माहीत नाही म्हणून शेजारच्या वाचनालयाला कुलूप, हे मला पटत नाही. दादालाही पटलं नाही. तो म्हणाला, "मी माझं नाटक दाखवलं, वहीचं पान दाखवलं. माझ्या तक्रारीत दुसऱ्याचं काही गेलं नाही."

तेच तर. त्याच्याकडे वही आहे. तारीख आहे, पोस्टरवर नाव आहे. नंतर मी त्याला विचारलं, तुझ्या दुसऱ्या अंकातल्या त्या गाण्याची चाल कुठली? तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दंडारीतली." आमचे आजोबा दंडारीत बाईचं सोंग घ्यायचे. चाल त्यांची, किंवा त्यांच्याही आधीच्या कोणाची. उद्या एखाद्या कंपनीनं तीच चाल रेकॉर्ड केली तर दादाची वहीसुद्धा त्याला वाचवणार नाही.

लिहिलेलं असणं आणि नसणं, सगळी गोष्ट इथे अडते. हळदीनं जखम भरते, याचं अमेरिकेनं १९९५ मध्ये दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं. डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं तो लढा दिला. जिंकता आलं ते जुना ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील लेख समोर ठेवता आला म्हणून. घरोघरच्या आज्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांची साक्ष तिथे पुरली नसती. वाढदिवसाचं ते इंग्रजी गाणं, जे आता आमच्या अंगणवाडीतही म्हणतात, त्यावर एक मोठी कंपनी कित्येक वर्षं पैसे घेत होती. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयानं तिचा दावा फेटाळला, आणि त्या खटल्यातही १९२२ चं एक जुनं छापील पुस्तक हाती लागलं होतं.

आमच्या बायांकडे १९२२ चं पुस्तक कुठून यायचं?

पण माझ्या हातून एक वेगळा कायदा गेलेला आहे, वनहक्काचा. आमच्या भागात सामूहिक वनहक्काचे दावे झाले तेव्हा किती गावांची कागदपत्रं मी टाइप केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला, त्यानंतर सगळीकडे हुरूप आला. त्या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. सरकारी नोंदी आहेत, नकाशे आहेत, आणि त्याच यादीत हेही आहे: दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं निवेदन. देवराई, तळी आणि स्मशानभूमीही पुरावा म्हणून चालतात. एका पुराव्यावर भागत नाही, दुसरा जोडावा लागतो, आणि ते योग्यच आहे. मी स्वतः म्हाताऱ्यांसमोर बसून लिहिलंय: या नाल्याच्या पलीकडे आमच्या वडलांनी मोहफुलं वेचली, या झाडाखाली पूजा होते. त्याखाली अंगठा घेतलाय. त्या अंगठ्यांना कायद्यानं किंमत दिली.

जंगलासाठी म्हातारीचा शब्द चालतो, मग गाण्यासाठी का चालू नये? त्या हरकतीच्या फॉर्ममध्ये अंगठ्याला जागा का नसावी? मला एवढंच हवं आहे. कंपनीची रेकॉर्डिंगं फुकट करा असं मी म्हणत नाही. दादाची वही उघडी करा असंही नाही. पारंपरिक आहे अशी हरकत आली तर ती माणसानं ऐकावी, दावा करणाऱ्यानं नव्हे, आणि गावच्या म्हाताऱ्यांचं निवेदन पुरावा म्हणून घ्यावं.

त्या दिवशी बाया ज्या बांधीत रोवत होत्या, तिथे धान एचएमटी होतं. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या थोड्याशा शेतात ओंब्या निवडून निवडून तयार केलं. बियाणं लोकांना देत गेले आणि ते राज्याराज्यांत पसरलं. नाव पडलं एका घड्याळावरून. माणसाचं नाव लोकांना कळायला फार वर्षं लागली. ३ जून २०१८ ला ते गेले. आमच्याकडे अजूनही कित्येक जण ते धान पेरतात, आणि ते कोणाचं, हे विचारलं तर सांगू शकत नाहीत.

मी अपील केलं. ठपक्याची भीती होती. सगळे एकसष्ट व्हिडिओ आधी हार्डडिस्कवर उतरवून घेतले, मग बटण दाबलं. सात दिवस समोरून काहीच आलं नाही आणि दावा आपोआप सुटला. कोण बरोबर होतं ते कोणी सांगितलं नाही. नाव तेवढं गेलं. मोठीमायला सांगितलं तेव्हा ती मोहफुलं निवडत होती. मान वर न करता "बरा झाला" म्हणाली.

या वर्षीचे रोवणे सुरू झाले. आता मी गाणं सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीला धुऱ्यावर उभी करते आणि तीन गोष्टी बोलायला लावते: नाव, माहेर, आणि गाणं कोणापासून आलं. ग्रामसभेत एक वही ठेवायचं ठरलं आहे, त्यात हे उतरवून दोन म्हाताऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे. काल पहिलं रेकॉर्डिंग झालं. मोठीमायनं हात लुगड्याला पुसले, मोबाईलकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की लगन होऊन आली त्याच सालच्या रोवण्यात सासूनं शिकवलं, सासू आरमोरीकडची, तिनं आपल्या मायपासून घेतलं, आणि त्या मायचं नाव तिला सांगता येत नाही. मग ती बांधीत उतरली.