नऊ एक्क्यांचा वर्ग

रिकामा वेळ मिळाला की मी आकडे चाळवत बसतो. परवा नऊ एकांच्या संख्येचा, १११११११११ चा, वर्ग करावासा वाटला. कॅल्क्युलेटरने शेवटचे आकडे गिळले, म्हणून कागद घेतला. दर वेळी एक घर डावीकडे सरकत नऊ ओळी एक्के लिहिले आणि खाली रेघ मारली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक एक्का, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरण. हातचा एकदाही नाही. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. (दहा एक्के घेतलेत तर मधे हातचा येतो आणि सगळी रांगोळी विस्कटते.)

सतरा आकडे. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली एकं, दहं मोजत गेलं तर डावीकडचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानी बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

मग तिची कुंडली मांडायचा मोह आवरेना. विषम, उलटसुलट सारखी, पूर्ण वर्ग. विभाजक ४५. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच, कारण बाकीचे जोडीने येतात आणि वर्गमूळ एकटं उरतं. परिपूर्ण मात्र नाही: स्वतःला वगळून सगळ्या विभाजकांची बेरीज केली तर ती संख्येइतकीच भरायला हवी, इथे निम्म्याच्या जेमतेम पुढे जाते. म्हणजे न्यून. एवढा थाट आणि वर्ग न्यून!

खरी मजा दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या वर्गवारीत आहे. हे शाळेतले शिक्षक संख्यांना नावं अशी देत, जशी घरातल्या मुलांना द्यावीत. एक्क्यांच्या संख्यांचे असे वर्ग त्यांच्या डेमलो कुळात मोडतात, ही त्यांतलीच. आकड्यांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने निःशेष भाग जातो, म्हणून हर्षदही. राहता राहिली स्वयंभू. एखाद्या संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते: २१ मध्ये २ आणि १ मिळवा, २४ येतात. जिला असा कोणीच जनक नाही ती स्वयंभू, जशी २०.

इतकी देखणी संख्या स्वयंभूच असणार, असं मी धरूनच चाललो होतो. तरी मागे जाऊन शोधलं, आणि जनक सापडला: १२३४५६७८९८७६५४२४०. आकड्यांची बेरीज ८१. मिळवा, तीच संख्या. जरा हिरमुसलोच. शेवटी ते ओबडधोबड २४०, उलटं वाचावं तर काही लागत नाही. त्यालाही ८१ ने भाग जातो, हर्षदपणा घराण्यातला असावा.

मग त्याचाही जनक शोधायला बसलो. आधीच्या चौदा आकड्यांची बेरीज ७५, ती २४० मधून गेली की उरतात १६५. म्हणजे शेवटच्या तीन घरांत अशी संख्या हवी, जी स्वतःच्या आकड्यांची बेरीज घेऊन १६५ होईल. १४९ ला १६३ येतात, १५० ला १५६, १५४ ला १६४, १५५ ला १६६. एकशे पासष्ट कुठेच नाही.

स्वयंभू तो निघाला.