गाडी नावावर झाली!

आज जुनी मोटरसायकल अखेर माझ्या नावावर झाली. गाडीसाठी पैसे साठवले, पण कागदांचा खर्च हिशोबात धरलाच नव्हता. नाव बदलण्याची फी, कर, विमा, नंबर प्लेट... एकेक रक्कम लहान वाटते, पण बेरीज केली तेव्हा पोटात गोळाच आला.

सगळ्यात घोळ झाला तो चासी नंबरात. हँडलखालच्या नळीवर कोरलेला 17 अक्षरी नंबर, त्यावर ग्रीस बसलेलं. फडक्याने पुसून, मोबाईलच्या उजेडात तो उतरवला होता. तरी फॉर्मवर मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिला. खिडकीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. एक आणि शून्याशी गफलत होऊ नये म्हणून." फॉर्म परत भरला. बाईंचे मनापासून आभार! तो नंबर तसाच चढला असता तर पुढे विम्याच्या क्लेमला किती त्रास झाला असता.

आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं होतं, पण कागदावर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेचं पत्र येईपर्यंत काम अडकलं. जुनी गाडी घेणाऱ्यांनो, पैसे देण्याआधी बोजा आणि थकलेला दंड बघाच. आणि विकणाऱ्यांनो, नाव बदललंय याची खात्री करा, नाहीतर दंडाची नोटीस तुमच्याच दारात येईल.

संध्याकाळी नवे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवले. त्यावरचं माझं नाव दोनदा वाचलं.