तुम्ही विचारलंत म्हणून: वरणातली गोळी

"ताई, तुम्ही तुमच्या ह्यांना दारू सोडवायची गोळी जेवणातूनच दिली होती ना? मग मी का देऊ नये?" नात्यातली, ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीची, महिन्याकाठी एक तरी बाई हे विचारतेच. फोनवर सांगून थकले, म्हणून एकदाच लिहिते.

हो, दिली होती. वरणात.

आम्ही पुलगावचे, वर्धा जिल्ह्यातले. गांधींचा जिल्हा, कागदावर दारूबंदी. नदीवरचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, आणि तेवढीही तसदी नको असेल तर मोहाची घरपोच. बंदीच्या भरवशावर कोण राहणार? शेजारणीने गोळ्यांची पट्टी आणून दिली. तिला कुणी दिली, मी विचारलं नाही.

मला वाटायचं, डायसल्फिरॅमने, म्हणजे ह्याच गोळीने, दारूची शिसारी येते. तसं नसतं. दारू पचताना अंगात आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं आणि यकृत ते मोडून टाकतं. ही गोळी ते मोडणंच अडवते. विष साचतं, ओढ जागच्या जागी राहते. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हे मागच्या खोलीत प्यायला बसले. पंधरा-वीस मिनिटांत तोंड, मान, छाती लालभडक. मला वाटलं, लागू पडली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मग ओकाऱ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. छाती धरून म्हणाले, "जीव घाबरा होतोय गं, दार उघड." दार उघडंच होतं.

दवाखान्यात बीपी लागेना. डॉक्टरांनी विचारलं, "कुठली गोळी चालू आहे का?" सासूबाई शेजारी उभ्या. मी म्हटलं, नाही. "दारू सोडायची वगैरे?" नाही. सलाईन लागलं, ईसीजी निघाला, विषारी दारू असेल म्हणून सगळ्यांची पळापळ, आणि मी पदर तोंडाशी धरून उभी. अर्ध्या तासाने सिस्टरला बाजूला घेतलं आणि पट्टी दाखवली. बाकी सगळ्याचं खापर मी दारूवर फोडते, पण तो अर्धा तास माझा.

वाचले. नंतर दोन वर्षं माझ्या हातचं जेवले नाहीत. सासूबाईंकडून वाढून घ्यायचे. पिणं चालूच.

तेव्हाची मी अजून भांडते: पोराची फी बाटलीत जात होती, हे उपचाराला यायला तयार नव्हते, मग मी काय करायचं होतं? तिला मला गप्प करता येत नाही.

आता सुटलीय, तीन वर्षं झाली. आणि हो, त्याच गोळीने. पण आधी डॉक्टरांनी यकृताच्या तपासण्या केल्या, ह्यांना समोर बसवून वर प्यायलात तर काय होईल ते सांगितलं, हे स्वतः हो म्हणाले. वर्षभर रोज सकाळी माझ्यासमोर घेतली, खोकल्याचं औषधसुद्धा विचारून, त्यातही कधीकधी अल्कोहोल असतं म्हणून. त्या रात्रीची धास्ती नसती तर हो म्हणाले असते? ह्यांना विचारायची हिंमत होत नाही.

परवा एकीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या घरची सुटली, ताई. तुम्हाला नको म्हणणं सोपं आहे." मी तिला डॉक्टरांचा नंबर सांगितला. तिने लिहून घेतला की नाही, फोनवर कसं कळणार.