नाल कोण काढतो ते आधी बघा

दिवाळी जवळ आली की कोणीतरी विचारतंच, घरात पैसे लावून पत्ते खेळले तर पोलीस धरतात का, आणि लगेच दुसरा कोणीतरी सांगतो की सणाला चालतं. तसं काही नाहीये, सणाची सूट कायद्यात कुठेच नाही.

कायदा बघतो ते वेगळंच. 1867 चा जुगार कायदा घ्या (जुगार हा राज्यांचा विषय, त्यामुळे महाराष्ट्राचा वेगळा आहे, 1887 चा), त्यात मुख्य रोख अड्ड्यावर आहे, म्हणजे जागा किंवा पत्ते पुरवणारा त्यातून कमावतोय का. चार मित्र बसले, एकाचे गेले, दुसऱ्याला आले, ही एक गोष्ट, आणि दर डावाला घरमालक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशातून, नाल (जागेचा आपला हिस्सा) काढून डब्यात टाकतोय ही पूर्ण वेगळी. मग रेड पडली तर नुसता मागे बसून बघणारा पण गोत्यात येतो, कारण अड्ड्यावर जो सापडला तो खेळायलाच आला होता असं कायदा आधी धरून चालतो, नाही म्हणायचं तर सिद्ध तुम्ही करायचं. आणि रस्त्यावर किंवा चौकात डाव मांडलात तर नाल असो नसो, गुन्हाच.

रमीचं मात्र लोक अर्धंच सांगतात याचा मला खरंच राग येतो. सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, बरोबर, पण त्याच निकालात हेही आहे की क्लबवाला पैशाच्या डावातून नफा काढत असेल तर गुन्हा लागू शकतो. हा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही.

घोड्यांची रेस लायसन्स असलेल्या रेसकोर्सवर चालते, लॉटरी सरकारी असेल तर चालते, गोव्यात कॅसिनो परवान्यावर. ऑनलाइनचा विषय 2025 च्या केंद्राच्या कायद्याने वेगळा झाला, पैसे लावायचे गेम बंद, कौशल्य असो की नशीब. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मला हे पटतं, कारण टेबलावर कोणीही जिंको, अ‍ॅपचा कट ठरलेलाच होता.

अजून एक, पत्त्यातल्या उधारीपायी कोणी दारात येऊन दमदाटी करत असेल तर घाबरून दागिने मोडू नका. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 वाचा, पैज जिंकल्याचे पैसे कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाहीत, आणि धमकीची तक्रार मात्र तुम्ही बिनधास्त करू शकता.