२,१४० किलोमीटर आणि सात थेंब

मंगळवारी सकाळी मोटरसायकलखालचा पुठ्ठा कोरडा ठणठणीत निघाला. वॉचमनने विचारलं, "लॉटरी लागली का साहेब?" अठरा दिवस रोज सकाळी मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर इंजिनातून गळलेल्या तेलाचे थेंब मोजणाऱ्याला ती लॉटरीच होती.

आनंद पहिल्या सिग्नलपर्यंत टिकला. ब्रेक मारला, खाली बघितलं, तर बॅश प्लेटच्या (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) पुढच्या भोकातून तेल टपटपतंय. रात्री पहिल्यांदाच गाडी मेन स्टँडवर लावली होती ना! साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, थेंब प्लेटची कड चुकवून थेट पुठ्ठ्यावर पडतात. मेन स्टँडवर प्लेट झाली सपाट, म्हणजे ताटच. रात्रभर सगळं त्यात साठलं. गळती थांबली नव्हती, मी फक्त तिच्याखाली ताट धरलं होतं.

तर गेल्या वेळी इथे मोठ्या थाटात मांडलेली थिअरी, की गळती ड्रेन बोल्टमधून (तेल काढायच्या बोल्टमधून) होते, ती बाद. पहिल्या सर्व्हिसला वॉशर बदललं नसणार, असं म्हणून मी नवं कॉपर वॉशर टाकलं होतं. थेंब तेवढेच. आता कळतं की ड्रेन बोल्ट हे इंजिनाचं सगळ्यात खालचं टोक. तेल कुठूनही येवो, थेंब लोंबकळणार तिथेच. क्लच कव्हरच्या गॅस्केटवरही (जोडातून तेल गळू नये म्हणून असलेल्या सीलवर) उगाच आळ घेतला होता, तोही मागे.

बुधवारी सुट्टी टाकून पावडर टेस्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. रॉकेल मिळेना म्हणून डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन इंजिन घासलं, फडक्याने कोरडं केलं, मग दाढीच्या ब्रशने टाल्कम पावडर मारली. (आईचा डबा. अर्धा संपला, बोलणी खाल्ली.) दहा मिनिटं आयडलवर ठेवलं, काही नाही. मग भूगावपर्यंत जाऊन आलो. जास्त लांब मुद्दामच गेलो नाही, कारण वाऱ्याने तेल पसरलं की सगळंच इंजिन गुन्हेगार दिसायला लागतं.

आणि सापडलं. सिलिंडरच्या मागे, थ्रॉटल बॉडीच्या खाली, कॅम चेन टेन्शनर (इंजिनातली चेन ताणून धरणारा भाग) जिथे बसतो तिथे. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च लावून बघितलं तर पांढऱ्या पावडरीत गव्हाच्या दाण्याएवढा मधाच्या रंगाचा ओला ठिपका, आणि त्याखाली दोऱ्यासारखी रेघ क्रँककेसवरून सरळ ड्रेन बोल्टकडे. पाच मिनिटं नुसता बघत बसलो. फोटो काढायला फोन आत जाईना, हे दुःख राहिलंच.

आता खरा प्रश्न, हात लावायचा की नाही? गाडी चार महिन्यांची, वॉरंटीतली. पहिल्या सर्व्हिसला दाखवलं तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कॉटन वेस्टने पुसून "नॉर्मल आहे सर" म्हटलं होतं. नाना पेठेतले आपले मेस्त्री म्हणाले, "घाम आहे तो. घाम पुसायचा, ऑपरेशन नाही करायचं."

हिशेबही मेस्त्रींच्याच बाजूने गेला. मेडिकलमधून सिरिंज आणून थेंब पाडून बघितले, एका मिलीला साधारण ३५. रात्रीचे सात थेंब म्हणजे ०.२ मिली, महिन्याला सहा. पुढच्या सर्व्हिसपर्यंत पाच महिने धरले तरी ३० मिली, आणि इंजिनात तेल २.२ लिटर. चालत्या गाडीतून जे उडतं ते पुठ्ठा मोजत नाही, हे मान्य. म्हणून दुप्पट काय, पाचपट धरा, तरी इंजिन उपाशी मरत नाही. इंजिनावरच्या काचेतून दिसणारी तेलाची लेव्हलही तसूभर हललेली नाही. तेल मागच्या टायरकडे जात असतं तर एक किलोमीटरही चालवली नसती, पण ते डावीकडून खाली जातं. सायलेन्सरवरही पडत नाही.

त्यामुळे गुरुवारी ठरवलं, सोडून द्यायचं. पुसायचं आणि चालवायचं.

शुक्रवारी हे सगळं लिहायला बसलो आणि डोक्यात आलं, टेन्शनरखाली कागदी गॅस्केट आहे. इंजिन तापून-निवून कागद बसतो, पातळ होतो, आणि बोल्ट न फिरताही त्याची पकड कमी होते. मग नुसता टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळलेत ते तरी तपासायला काय हरकत? टेन्शनर काढायचा नाही, हे पक्कं. तो निघाला की प्लंजर, म्हणजे त्याचा स्प्रिंगवरचा दांडा, फटकन बाहेर येतो, चेन सैल पडते, त्यात कोणी क्रँक फिरवला तर चेन दात सोडते आणि घामाचं खरंच ऑपरेशन होतं. पण दोन बोल्ट घट्ट आहेत का हे बघण्यात काय जातंय?

जातो तो वेळ. सॉकेट सरळ पोचत नाही. युनिव्हर्सल जॉइंट (वाकणारा जोड) लावला तर वाकड्या कोनात टॉर्कचा आकडा खोटा येतो. शेवटी टाकी उचलून लांब एक्स्टेन्शन घातलं. इथे माझं जुनं मत पुन्हा: ॲल्युमिनियममधल्या एम-६ (६ मिमीच्या) बोल्टला अर्धा इंची ड्राइव्हचा दणकट टॉर्क रेंच लावणं म्हणजे सुपारी फोडायला घण आणणं. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा पाव इंची घ्या, पैसे वसूल होतात. मॅन्युअलमध्ये १० दिलंय. इंजिन गार, रेंच १० वर; तेवढा जोर आला की तो 'कट' वाजतो. वरचा बोल्ट लगेच 'कट' म्हणाला. खालचा जवळजवळ पाव वेढा फिरला, मग 'कट'. तो पाव वेढा अजून मनगटात आहे.

शनिवारी ताम्हिणी उतरून माणगावला मिसळ खाऊन परत. दोनशेच्या वर किलोमीटर, घाटात चांगली पिळली. रविवारी सकाळी साइड स्टँडवर एक थेंब. बॅश प्लेट काढूनच ठेवलीय, त्यामुळे यावेळी ताट नाही. हा एक थेंब वळचणीला अडकलेलं जुनं तेलही असू शकतो.

बोल्ट आता पुन्हा आवळणार नाही, नाहीतर आटे जातील. पुठ्ठा आठवडाभर राहील. तीनच्या वर थेंब गेले तर सर्व्हिस सेंटरला नेणार, आणि 'टेन्शनर गॅस्केट बदलणे' हे शब्द जॉब कार्डवर लिहून घेतल्याशिवाय चावी देणार नाही. नुसतं 'ऑइल लीक' लिहिलं की पुन्हा कॉटन वेस्ट निघतं.

लिहिता लिहिता खाली जाऊन आलो. पुठ्ठा कोरडा आहे. पण आज गाडी फक्त दळण आणायला गेली होती, त्यामुळे धरत नाही.