आमची वाटचाल: दोन पावसाळ्यांचा ढीग

आमची माती म्हणजे फायर क्ले, भट्टीच्या विटा आणि अस्तराला लागणारी, प्रचंड उष्णता सोसणारी माती. ती भट्टीत लाल पडत नाही. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांखाली ती बसलेली असते. निघते राखाडी, भाजली की दुधाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या आसपास ती बऱ्याच जणांनी काढली, पण इतकी वर्षं एकसारखी देणारे आम्हीच, हे लिहायला मला संकोच नाही.

बाबा भद्रावतीच्या ग्रामोदय संघात, कृष्णमूर्ती मिरमिरांच्या कुंभारकामाच्या संस्थेत, भट्टी शिकले आणि मग मामाजींच्या भागीदारीत माती काढायचा सरकारी पट्टा घेतला. भांडवल म्हणाल तर दोन गैत्या, एक सब्बल, घमेली आणि मामाजींची बैलबंडी. बाबांची गैती लोहाराकडे जाऊन जाऊन वीतभर उरली. ती आजही गादीमागे टांगलेली आहे. वरचा मुरूम आधी पूर्ण उचलायचा, काठ झाडूने झाडायचा, मगच मातीला हात. चिमूटभर दाताखाली धरायची, कचकच लागली तर रेती. लोहाचा अंश मात्र दाताला कळत नाही, तो भट्टीच सांगते. भाजलेल्या गोळ्यावर काळे ठिपके आले की तो सगळा थर बाजूला.

काढलेली माती बाबा दोन पावसाळे उघड्यावर ठेवत. ऊन-पाण्याने ढेकळं आपोआप फुटतात आणि माती लोण्यासारखी मळते. "पैसा पावसात भिजवता," असं म्हणून फाट्यापलीकडचा कारखानदार हसायचा.

१२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा वनजमिनींबाबतचा आदेश आला. सरकारी नोंदीत जंगल असलेली जमीन वनच धरायची, केंद्राच्या परवानगीशिवाय तिथे खाण नाही. आमच्या पट्ट्याच्या सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' होतं, म्हणजे विदर्भातली खुरट्या झुडपांची सरकारी जमीन. खाण बंद. मजूर गेले, मामाजींनी बंडी विकली. त्याच हंगामात त्या कारखानदाराने मुरूम मिसळलेली माती आमच्यासारख्याच पोत्यांत भरून स्वस्तात विकली. नागपूरकडच्या दोन फाउंड्र्यांत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांत, भट्टीचं अस्तर गळालं आणि बोल आमच्या नावाला लागला. त्याने कधी कबूल केलं नाही. आजही लग्नात भेटला की नमस्कार करतो. मी करत नाही.

हिंगण्याचे एक फाउंड्रीवाले काका तेवढे एसटीने स्वतः आले. दोन्हीकडची माती घेऊन गेले, शेजारी-शेजारी विटा भाजल्या. त्याची वाकली, आमची ताठ. आठव्या दिवशी आगाऊ पैसे आले. पण माती द्यायची कुठून? घरामागे दोन पावसाळे खाल्लेला दोनशे टनांचा ढीग होता. त्यावर आम्ही दीड वर्ष काढलं, बहिणीचं लग्नसुद्धा.

पुढे मालकीच्या शेतावर पट्टा मिळाला आणि गाडी चालली. २०१५ साली फायर क्ले गौण खनिजांत, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या खनिजांत आली.

नव्या मुलांनो, पट्ट्याच्या अर्जाआधी निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद, काढून बघा. झुडपीची नोंद असेल तर हात लावू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालाने झुडपी म्हणजे वनच हे पक्कं झालं आहे. कच्ची माती एकटी वापरू नका, ती आकसते आणि तडकते; भाजून दळलेली माती त्यात मिसळा. आणि नुसतं पोतं बघून कधी घेऊ नका, स्वतः भाजून बघा.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा फोनवर भाव विचारत नाही, "ढिगाची आहे ना?" एवढंच विचारतो. यंदा उन्हाळ्यात त्याला नाही म्हणावं लागलं. मातीचा अजून एक पावसाळा बाकी होता.