९९.३१ला सीओईपी लागतं का?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या राज्य सीईटीचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाचा निकाल १६ जून २०२५ ला लागला आणि मला ९९.३१ पर्सेंटाइल पडले, म्हणजे परीक्षेला बसलेली ९९.३१ टक्के मुलं माझ्या मागे. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी एकच विचारलं, "मग सीओईपी लागतंय काय?" सीओईपी म्हणजे पुण्याचं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज. हो म्हणावं तर खात्री नाही, नाही म्हणावं तर आजी रुसणार. "बघू" म्हणत मी वेळ मारून नेली. जेईई मेनही दिली होती, पण त्या गुणांवर केंद्राच्या एनआयटी कॉलेजांची आशा नव्हती. म्हणजे सगळी भिस्त राज्याच्या कॅपवर, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेवर.

मी आधी सगळे करतात तेच केलं. मागच्या वर्षीच्या कटऑफची (कुठल्या कॉलेजात शेवटचा प्रवेश कितीला झाला त्याची) पीडीएफ उघडली आणि ९९.३ च्या आसपास काय दिसतंय ते शोधायला लागले. ही पीडीएफ पहिल्यांदा वाचताना डोकं गरगरतं. जीओपनएस, एलओबीसीएस, असले रकाने. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वांसाठीची जागा, एल म्हणजे मुलींची. मध्ये प्रवर्ग. शेवटचा एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे त्या कॉलेजच्या होम युनिव्हर्सिटीतल्या (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं तिथल्या) मुलांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी. आम्ही सांगलीकर शिवाजी विद्यापीठाचे, त्यामुळे पुण्यातल्या कॉलेजचा एच रकाना बघून हुरळण्यात अर्थ नव्हता. माझ्या वर्गातला एकजण दोन दिवस हुरळला होता.

माझ्या अंदाजाची खरी दुरुस्ती पप्पांनी केली. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. कॅप हा शब्द त्यांनी त्या महिन्यात पहिल्यांदा ऐकला. पण मी मागच्या वर्षीचे आकडे वाचून दाखवत होते तेव्हा ते म्हणाले, "कालच्या सौद्याचा भाव सांगून आज कोण हळद घेतंय? आवक किती झालीय ते बघ आधी."

आवक बघितली. २०२४ ला पीसीएमला तीन लाखांच्या आसपास मुलं बसली होती, २०२५ ला चार लाखांच्या वर. तीन लाखांत ९९.३१ म्हणजे आपल्या पुढे साधारण २,१०० मुलं. चार लाख वीस हजारांत तेच ९९.३१ म्हणजे पुढे २,९०० मुलं. पर्सेंटाइल तेच, रांगेतली जागा आठशेनं मागे. आणि परीक्षेला मुलं वाढली म्हणून सीओईपीतल्या जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. पीडीएफच्या प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वर गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. सगळे कंसातलाच आकडा बघतात. मी वरचा बघायला लागले आणि निम्मी यादी हातातून गेली. वाईट वाटलं, पण निदान आपण कुठे उभे आहोत ते कळलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. सांगली शहर मिरज तालुक्यात, त्यामुळे नॉन-क्रिमीलेअरसाठी मिरजेला खेटे. ओबीसी मुलांनी एक गोष्ट पक्की बघावी: या प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत लागते, माझ्या वेळी ३१ मार्च २०२६. जुनं आहे म्हणून निवांत राहिलेल्यांची जूनमध्ये पळापळ होते. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच केलेला असला तर झोप लागते. बाकी ई-स्क्रूटिनी, म्हणजे कागदपत्रांची ऑनलाइन तपासणी, घरबसल्या झाली.

मग आला पर्यायांचा अर्ज, म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंतीच्या क्रमानं यादी. आत्याच्या ओळखीच्या एका समुपदेशकाकडे आम्ही फी भरून गेलो. त्यांनी रंगीत एक्सेल शीट काढून दिली: हिरवं म्हणजे नक्की, पिवळं म्हणजे बघू, लाल म्हणजे नशीब. सगळ्यात वर हिरव्या रंगात सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं कॉम्प्युटर. मी विचारलं, सीओईपी खाली का? तर म्हणे, "रिस्क कशाला घेता?" आजोबा खूश. वालचंद १९४७ चं, सांगली-मिरज रस्त्यावर, घरापासून दहा-पंधरा मिनिटं. आजोबांच्या मते त्याच्यापुढे पुणं-मुंबई सगळं उगाच.

वालचंद मलाही आवडतं. पण रात्री कॅपची २०२५ ची माहिती पुस्तिका वाचत बसले तेव्हा घोळ लक्षात आला. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ होतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी काही मिळालं तरी तेच, तिसरीत पहिल्या सहांपैकी. मग पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. म्हणजे नक्की मिळणारी जागा सगळ्यात वर टाकली असती, तर पहिल्याच फेरीत माझा खेळ खलास. शिवाय वरती अवघड पर्याय टाकल्यानं खालच्याची संधी तसूभरही कमी होत नाही. संगणक गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे एकेकाला घेतो, त्याची यादी वरून खाली तपासतो आणि शिल्लक असलेली पहिली जागा देतो. तुम्ही वालचंदला आठव्या नंबरवर टाकलंय म्हणून वालचंद रुसत नाही. रंगीत शीट कपाटात गेली.

त्यानंतर यादी करताना "लागेल का" हा विचार बाजूला ठेवला. दोन-दोन पर्याय समोर धरायचे आणि विचारायचं: दोन्ही आज मिळाले तर कुठलं घेशील? सोपं वाटतं, पण सीओईपीचं मेटलर्जी की वालचंदचं कॉम्प्युटर, इथे मी दोन दिवस अडले. १८५४ पासूनचं कॉलेज, नावाचा दबदबा, आत्या रोज फोन करणार. पण मला मेटलर्जी शिकायचंच नव्हतं. नुसत्या नावासाठी शाखा घेणारे पुढे शाखा बदलायच्या मागे लागतात, हे सीनियर्सकडून ऐकलं होतं. कापलं.

सीओईपीचं इलेक्ट्रिकल मात्र मी वालचंदच्या कॉम्प्युटरच्या वर ठेवलं आणि घरात पहिला वाद झाला. माझ्या मामाचं माधवनगरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सुट्टीत तिथे बसायचे मी. जळालेल्या मोटारीतून काळी पडलेली तार उपसायची, वेढे मोजून वहीत लिहायचे, मग खाचांमध्ये कागद सरकवून नवी तांब्याची तार भरायची. एक वेढा चुकला तर मामा न बोलता सगळं उसवायचा. कॉम्प्युटरला पगार चांगला असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही.

पहिल्या फेरीत वालचंदचं कॉम्प्युटर मिळालं. माझ्या यादीत ते आठवं. हजार रुपये भरून जागा स्वीकारली, पण फ्रीझ न करता बेटरमेंट ठेवलं. वरचं मिळालं तर ही जागा आपोआप सुटते, नाही मिळालं तर हातची जात नाही. हे आजोबांना समजावताना निकालाच्या दिवसापेक्षा जास्त घाम फुटला.

दुसऱ्या फेरीला यादी नव्यानं भरता येते आणि आता हाताशी याच वर्षीचा पहिल्या फेरीचा कटऑफ असतो. एका मैत्रिणीनं युक्ती सांगितली: वर तीन अशक्य पर्याय भर, म्हणजे खरे पर्याय चौथ्यापासून सुरू होतील आणि काही मिळालं तरी फ्रीझ होणार नाही. ज्याचं मन ठरलेलं नाही त्याला उपयोगी आहे. माझं ठरलं होतं. सीओईपीचं ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), मुंबईच्या व्हीजेटीआयचं इलेक्ट्रॉनिक्स, सीओईपीचं इलेक्ट्रिकल, या क्रमानं तीन भरले.

तिसरं लागलं. फ्रीझ.

आत्याला कॉम्प्युटर सोडल्याचं अजून पटलेलं नाही. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत, मग रेल्वेचं वेळापत्रक विचारायला लागले. खर्चाचं म्हणाल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आणि ते आपोआप होत नाही, शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर वेगळा अर्ज भरावा लागतो, त्याला परत तेच उत्पन्नाचे दाखले. मेस आणि वसतिगृह त्यात धरलेलं नाही. पप्पांनी तो हिशोब दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलाय आणि मला अजून दाखवलेला नाही.